मोटर गुरगुरते, पण शिलाई मशीन फिरत नाही: जुन्या इलेक्ट्रिक मशीनची तपासणी, सोप्यापासून अवघडाकडे

जुन्या इलेक्ट्रिक शिलाई मशीनची एकच तक्रार माझ्यासमोर पुन्हापुन्हा येते. मशीन जड चालतं, मग अडकतं, तेल घातल्यावर सुटतं आणि थोड्या दिवसांनी पुन्हा अडकतं. घरच्यांनी तोवर ठरवलेलं असतं की मोटर गेली. पट्टा काढून मोटर नुसती फिरवून दाखवली की ती मजेत फिरते, आणि मग खरा प्रश्न समोर येतो: मोटर जे फिरवते तेच जाम झालंय. मोटरवर पैसे घालवण्याआधी खालच्या तपासण्या क्रमाने करा. पहिल्या काहींना फक्त हात लागतात, एक पैसा खर्च नाही.

लक्षणं

पुढच्यापैकी दोन-तीन गोष्टी जुळत असतील तर तुम्ही योग्य जागी आहात.

- पेडल दाबलं की मोटर गुरगुरते, पण चाक हलत नाही. हाताने चाकाला धक्का दिला की मशीन सुरू होतं.
- सुरुवातीला रडतखडत चालतं, जरा गरम झाल्यावर बरं चालतं. थंडीच्या दिवसांत त्रास वाढतो.
- बॉबीन भरताना जोरात फिरतं, शिवायला घेतलं की दम निघून जातो.
- तेल घातल्यावर सुधारतं, पण काही आठवड्यांत पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.
- मोटरला हात लावून ठेवता येत नाही इतकी तापते. सोबत जळकट वास येतो.
- प्रत्येक फेऱ्यात नेमक्या एकाच जागी अडखळतं.

तीन लक्षणं मात्र या यादीतली नाहीत. पेडलला पाय न लावता मशीन आपोआप सुरू होणं, पेडलमधून धूर येणं आणि मशीनच्या धातूला हात लावल्यावर झिणझिण्या येणं. यातलं काहीही असेल तर प्लग काढा आणि मधलं सगळं सोडून 'पेडल' हा भाग आणि शेवटचा भाग वाचा.

टाके सुटणं, दोरा तुटणं हे वेगळे विषय आहेत. एवढंच सांगतो की कापडाच्या खालून दोऱ्याचा गुंता होत असेल तर खालच्या बॉबीनला दोष देऊ नका. फूट वर करा आणि वरचा दोरा पुन्हा ओवा. फूट खाली असताना टेन्शनच्या चकत्या घट्ट मिटलेल्या असतात, दोरा त्यांच्यामध्ये शिरतच नाही, आणि मोकळा सुटलेला वरचा दोरा खाली जाऊन गोळा होतो.

आधी एक सवय सोडा

मशीन अडकलं की माणूस पेडल आणखी जोरात दाबतो. ते करू नका. या मोटरी सिरीज प्रकारच्या असतात, एसी आणि डीसी दोन्हींवर चालतात. भार वाढला की त्यांचा वेग पडतो आणि त्या जास्त करंट ओढायला लागतात. मोटर अडकून उभीच राहिली तर ओढलेला सगळा करंट उष्णतेत जातो, आणि फिरताना जी थोडी हवा आत खेळते तीही बंद झालेली असते. मशीन जड होतं, त्याने मोटर तापते, तापून वाइंडिंगचं, म्हणजे मोटरच्या आत गुंडाळलेल्या तारेचं, वार्निश करपतं, आणि मग खरोखरच मोटर जाते. गुरगुर ऐकू आली की पाय उचला.

दुसरं, खाली जिथे 'हाताने फिरवा' असं म्हटलंय तिथे प्लग भिंतीतून काढलेला असला पाहिजे. पेडलवरून पाय काढणं म्हणजे मशीन बंद करणं नव्हे. जुन्या पेडलमध्ये काय दडलंय हे पुढे येईलच.

बोटाने चाक फिरवून बघा

सुई काढा, वरचा दोरा काढा, बॉबीन आणि बॉबीन केस काढा, फूट वर करा. आता एका बोटाने चाक आपल्याकडे फिरवा. बहुतेक मशिनांत चाक याच दिशेने फिरतं. चांगल्या मशीनचं चाक एका बोटाने सहज फिरतं, आणि जोरात फिरवून सोडलं तर थोडं पुढे जाऊन थांबतं.

जड लागलं तर कसं जड लागतंय ते नीट ओळखा, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. पूर्ण फेऱ्यात सारखंच जड, मधात चमचा फिरवल्यासारखं, तर ते जुनं तेल आहे. बाकी फेरा मोकळा आणि एकाच जागी टक्कन अडतंय, तर काहीतरी अडकलेलं, वाकलेलं किंवा तुटलेलं आहे. दुसऱ्या प्रकारात तेलाने काही होणार नाही.

एकाच जागी अडत असेल तर पहिला संशय शटलवर, म्हणजे खाली बॉबीनपाशी फिरून वरचा दोरा पकडणाऱ्या भागावर, घ्या. शटलच्या खाचेत दोऱ्याचा एक-दीड सेंटीमीटरचा तुकडा अडकला तरी मशीन पूर्ण जाम होतं. खाचेत एक थेंब तेल सोडा आणि चाक थोडं मागे, थोडं पुढे असं डोलवत राहा. तेलाने भिजलेला दोरा मऊ होतो आणि हळूहळू बाहेर येतो, मग चिमट्याने धरून ओढा. स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका. शटलच्या टोकाला ओरखडा पडला तर पुढे प्रत्येक टाक्याला दोरा चिरेल.

दुसरी जागा कोणी बघत नाही: चाकाच्या मागची फट. चाक आणि मशीनचं अंग यांच्यामध्ये सुटलेले दोरे ओढले जातात आणि आतल्या दांड्याभोवती वर्षानुवर्षं गुंडाळले जातात. बाहेरून काहीच दिसत नाही. टॉर्चने बघा. रंगीत दोऱ्याची कडा दिसली तर चाक काढून तो दोरा कापून काढावा लागेल. चाक कसं काढायचं ते लगेच पुढे आहे.

दाते, म्हणजे कापड सरकवणारे, त्यांच्या खालचा भुसा पण आत्ताच काढा. वरची प्लेट दोन स्क्रूंनी बसवलेली असते. तेल आणि कापसाचे तंतू एकत्र दाबले जाऊन तिथे जाड फेल्टसारखी पट्टी तयार होते, आणि दाते खाली जाताना तिच्यावर आदळतात. पिनेने उचकटली की अख्खी पट्टी एकसंध निघते.

मशीन एकीकडे, मोटर एकीकडे

सगळ्या तपासणीत मला ही सर्वात महत्त्वाची वाटते. चाकाच्या मधोमध एक गोल नॉब असतो. बॉबीन भरताना सुई हलू नये म्हणून तो सैल करतात. एका हाताने चाक धरा, दुसऱ्याने नॉब आपल्याकडे फिरवून सैल करा. आता चाक फिरेल, पण मशीनच्या आतला दांडा फिरणार नाही. प्लग लावा आणि पेडल दाबा.

चाक भन्नाट फिरलं तर मोटर, पेडल, वायर आणि पट्टा, सगळं ठीक आहे. दोष मशीनच्या आत आहे. थेट जुन्या तेलाच्या भागाकडे जा. बॉबीन भरताना जोर आणि शिवताना मरगळ, हे लक्षण म्हणजे हीच चाचणी तुमच्याकडून नकळत झालेली असते.

चाक इथेही मरगळलेलं असेल तर मोटरला शिक्षा सुनावण्याआधी पट्टासुद्धा काढा. कारण चाकाच्या आतलं भोकही जुन्या तेलाने चिकटलेलं असू शकतं, आणि मग नॉब सैल करूनही चाक दांड्याला धरूनच राहतं. पट्टा काढून एकटी मोटर क्षणभर, हलक्या पेडलवर चालवून बघा. भार नसताना या मोटरी फार वेगाने पळतात, म्हणून पूर्ण पेडल दाबून ठेवायचं नाही. सिंगरच्या 201 च्या काही प्रकारांत आणि 15-91 मध्ये पट्टाच नसतो, मोटर थेट गिअरने जोडलेली असते. तिथे ही दुसरी पायरी सोडून द्या.

चाक काढायचं असेल तर नॉबवरचा छोटा स्क्रू ढिला करा, नॉब पूर्ण फिरवून काढा. मागे तीन कान असलेली एक वॉशर दिसेल, तिच्या आतल्या कडेला दोन छोटे दात असतात. ती काढण्याआधी फोटो घ्या. चाक ओढून काढा, दांडा आणि चाकाचं भोक दोन्ही रॉकेलच्या फडक्याने चकचकीत पुसा, एक थेंब तेल लावा आणि परत बसवा. बसवल्यावर नॉब घट्ट करूनही चाक नुसतंच फिरत राहिलं, किंवा सैल करूनही सुटलं नाही, तर घाबरू नका. वॉशर काढून अर्धा फेरा फिरवून पुन्हा बसवा. बहुतेक वेळा एवढंच लागतं.

पट्टा, पिना आणि मोटरवरची पाटी

पट्टा घसरू नये म्हणून लोक तो तारेसारखा ताणतात. त्यामुळे मोटरचा दांडा एका बाजूला ओढला जातो, बुशवर, म्हणजे दांडा ज्या नळीत फिरतो तिच्यावर, घर्षण वाढतं आणि अर्धी ताकद तिथेच संपते. मधोमध बोटाने हलकं दाबल्यावर पट्टा साधारण एक सेंटीमीटर आत गेला पाहिजे. चिरा पडलेला, कडक झालेला, तेलाने फुगलेला पट्टा बदला. मोटरचा ब्रॅकेट एका स्क्रूवर सरकतो, तो सैल करून ताण जमवता येतो.

मशीनमध्ये जिथे वायरचा प्लग लागतो तिथल्या पिना बघा. काळ्या पडल्या असतील, प्लगचं प्लास्टिक किंवा बेकेलाइट वितळल्यासारखं दिसत असेल, किंवा चालू असताना वायर हलवली की वेग बदलत असेल, तर जोड सैल आहे. सैल जोडात व्होल्टेज पडतं आणि मोटरपर्यंत पूर्ण जोर पोहोचत नाही. पिना घासून साफ करणं घरी जमेल. वितळलेला प्लग बदलायचाच.

मोटरवरची छोटी पाटी वाचा. हे फुकटचं काम आहे आणि तरी कोणी करत नाही. 220 ते 240 व्होल्टसाठीची मोटर 110 व्होल्टवर लावली तर ती काहीही केलं तरी मरगळलेलीच राहील, दोष शोधून सापडणार नाही. उलट केलं, 110 ची मोटर 230 वर लावली, तर तिचं आयुष्य संपल्यातच जमा. परदेशातून आलेलं किंवा कुणी भेट दिलेलं मशीन असेल तर ही पाटी सगळ्यात आधी वाचा. दिव्याच्या बल्बवरचं व्होल्टेजही जुळलं पाहिजे.

जुनं तेल: खरा रोग

इथपर्यंत आलात आणि मशीनच जड आहे हे नक्की झालंय, तर आता मन लावून काम करायचं.

शिवणयंत्राचं चांगलं तेल पातळ, पाण्यासारखं स्वच्छ खनिज तेल असतं. पण कुठलंही तेल वर्षानुवर्षं हवेत राहिलं की त्यातला पातळ भाग उडतो, उरलेला हवेशी संयोग पावून घट्ट होतो, आणि शेवटी पिवळट तपकिरी वार्निशचा थर धातूला चिकटून बसतो. त्यात खाण्याचं किंवा केसांचं तेल कधी घातलं गेलं असेल तर हे फार लवकर होतं, कारण वनस्पती तेलं हवेत सुकून चिकट होतात. गंज सोडवायचे स्प्रे वंगण म्हणून वापरले तर दोन दिवस मशीन हलकं वाटतं, मग स्प्रे उडून जातो आणि सांधे कोरडे पडतात.

दोष पुन्हापुन्हा का येतो, याचं उत्तर इथे आहे. सुकलेल्या थरावर नवं तेल घातलं की थर थोडा मऊ होतो आणि मशीन सुटतं. पण थर जागेवरच असतो. नवं तेल झिरपून गेलं की तो पुन्हा आवळतो. म्हणून तेल *घालण्याआधी* जुनं तेल *काढावं* लागतं, आणि या कामाला रॉकेलइतकं चांगलं दुसरं काही मला सापडलेलं नाही.

सामान: थोडं रॉकेल, एक ड्रॉपर किंवा सुई बोथट केलेली सिरिंज, जुना टूथब्रश, फडकी, टाचणी, खाली अंथरायला वर्तमानपत्र. खिडक्या उघड्या.

आता इशारा, आणि हा गंभीरपणे घ्या. रॉकेल पेट घेतं आणि मोटरच्या आत ठिणग्या उडतात. रॉकेल घातल्यापासून ते पूर्ण उडून जाईपर्यंत प्लग भिंतीत जाता कामा नये. मशीन फिरवायचं ते हातानेच. जमत असेल तर मोटर स्क्रू काढून बाजूलाच ठेवा, म्हणजे तिच्यात रॉकेल जाणार नाही. रबरी पट्टा आणि बॉबीन भरायच्या चाकावरची रबरी रिंग पण काढून ठेवा, तेलाने आणि रॉकेलने रबर फुगतं.

रंगाबद्दलही सांभाळा. काळ्या अंगावर सोनेरी नक्षी असलेल्या मशिनांवर वरून शेलॅकचा थर दिलेला असतो. स्पिरिट तो थर विरघळवतं, मग काळा भाग पांढुरका पडतो आणि नक्षी फडक्याला लागून येते. बाहेरून स्पिरिट अजिबात नाही. बाहेरून फक्त शिवणाचं तेल मऊ फडक्यावर घ्या.

मशीनची डावी प्लेट काढा, डोकं मागे कलवून खालची बाजू उघडी करा. जिथे दोन धातू एकमेकांवर घासतात अशा प्रत्येक जागी रॉकेलचे दोन-तीन थेंब. तेलाची भोकं भुशाने बुजलेली असतात. आधी टाचणीने मोकळी करा, नाहीतर वर घातलेलं वरच राहतं. मग चाक डोलवा. आधी जेमतेम हलेल, पाच-दहा मिनिटांनी जास्त. तपकिरी पाणी ओघळायला लागलं की समजा काम होतंय. पुसा, पुन्हा घाला, पुन्हा डोलवा. अगदीच जाम असेल तर रात्रभर भिजत ठेवा.

नेहमी सुटणाऱ्या जागा सांगतो, कारण एक जागा राहिली तरी सगळी मेहनत वाया जाते. सुईचा दांडा खालून जिथे बाहेर येतो ती बुश. दोरा वर-खाली ओढणाऱ्या हाताची आतली खीळ, डाव्या प्लेटच्या मागे. चाकाच्या अगदी लगतची, मागच्या टोकाची बुश. तिचं भोक वर असतं आणि नजरेत येत नाही. वरच्या दांड्यावरून खाली येणाऱ्या उभ्या दांड्याची दोन्ही टोकं. मशीनच्या पोटात, दाते हलवणाऱ्या आडव्या दांड्यांची टोकं, जिथे टोकदार स्क्रू दांड्याला दोन्हीकडून धरतात. आणि शटल जिच्यात फिरतं ती खाच.

कुठली बाजू जड आहे ते कळत नसेल तर एक युक्ती आहे. टाक्याची लांबी शून्यावर आणा आणि चाक फिरवा. लगेच हलकं झालं तर जडपणा दाते हलवणाऱ्या भागात आहे. झिगझॅगचं मशीन असेल तर रुंदीही शून्यावर आणून बघा. झिगझॅग मशिनांत सुई डावी-उजवीकडे नेणारे सांधे आणि रुंदीच्या नॉबचा दांडा फार लवकर चिकटतात, कारण त्यांचा वापर कमी. नॉब हलत नसेल तर पकडीने पिळू नका. आतला तुकडा तुटला तर तो मिळवायला दारोदार फिरावं लागेल. थेंब सोडा, थांबा, बोटांनी हलवा. केस वाळवायच्या ड्रायरने ऊब दिल्यावर जुनं तेल छान सुटतं, पण ते रॉकेल घालायच्या आधी. रॉकेल ओलं असताना ड्रायर अजिबात नाही.

चाक एका बोटाने फिरायला लागलं की सगळं पुसून एक पूर्ण दिवस हवेशीर ठेवा. वास गेला की प्रत्येक जागी शिवणाच्या तेलाचा *एकच* थेंब. गिअरवर तेल नाही, गिअरवर मऊ ग्रीस, दातांवर पातळ थर. मग मोटर जोडा आणि टाकाऊ कापडावर, दोरा न ओवता, दहा मिनिटं चालवा. काळपट तेल बाहेर येईल, पुसा. आठवड्याने पुन्हा एकदा तेल घाला, चालवा, पुसा. पहिल्या खेपेला मऊ झालेला पण न निघालेला थर या दुसऱ्या खेपेला निघतो. ही दुसरी खेप लोक टाळतात, आणि बरोबर दीड-दोन महिन्यांनी 'पुन्हा अडकलं' म्हणून येतात.

मोटर: कार्बन आणि वंगण

वरची चाचणी सांगते की एकटी मोटरच मरगळलेली आहे, तरच हे करायचं. प्लग काढलेला.

मोटरचा दांडा हाताने फिरवा. घट्ट लागला तर बुश कोरडी आहे किंवा तेल सुकलंय. मोटरवर तेलाचं भोक असेल तर दोन्ही टोकांना एक-एक थेंब, जास्त नाही. जास्त तेल घातलं की ते आत कम्युटेटरवर, म्हणजे दांड्यावरच्या तांब्याच्या पट्ट्यांच्या गोल भागावर, जातं, त्याला टेकलेल्या कार्बनच्या कांड्यांच्या भुकटीत मिसळून काळा चिखल होतो, आणि मग ठिणग्या आणि वास सुरू होतो. सिंगरच्या 221 सारख्या मशीनच्या मोटरला तेल नाही, ग्रीस लागतं, आणि तेही बुशच्या उबेने वितळून वातीतून झिरपणारं मऊ ग्रीस. गाडीचं घट्ट ग्रीस नळीत तसंच बसून राहतं, बुश कोरडीच. भोकही नाही आणि ग्रीसची नळीही नाही अशी मोटर असेल तर तिला काहीच घालू नका.

कार्बन तपासणं सोपं आहे. मोटरच्या दोन्ही बाजूंना खाच असलेली टोपणं असतात. एका वेळी एकच काढा, स्प्रिंग उडते म्हणून बोट धरून. कार्बन बाहेर आला की त्याचं टोक बघा. ते कम्युटेटरच्या गोलाईप्रमाणे झिजलेलं, गुळगुळीत आणि चमकदार असलं पाहिजे. लांबी साधारण 6 मिमीपेक्षा कमी उरली असेल, कडा तुटली असेल किंवा स्प्रिंग निळी पडून मऊ झाली असेल, तर जोडी बदला, एकटा बदलू नका. जुनाच परत घालायचा असेल तर ज्या बाजूचा त्या बाजूला आणि ज्या दिशेने होता त्याच दिशेने. उलटा बसला तर गोलाई जुळत नाही, स्पर्श कमी होतो आणि ठिणग्या वाढतात.

टोपणाच्या भोकातून कम्युटेटर दिसतो. तपकिरी, एकसारखा असेल तर छान, तो रंग घासून काढायचा नसतो. काळा चिकट असेल तर काडीला कापूस गुंडाळून, किंचित स्पिरिट लावून, दांडा हाताने फिरवत पुसा. पूर्ण वाळू द्या. एमरी पेपर वापरू नका. त्याचे कण वीज वाहून नेतात आणि पट्ट्यांमधल्या फटीत अडकून शॉर्ट करतात.

चालू मोटरमध्ये कार्बनपाशी बारीक निळसर ठिणग्या दिसणं स्वाभाविक आहे. मोठ्या, पिवळ्या-केशरी, कम्युटेटरभोवती पूर्ण गोल फिरणाऱ्या ठिणग्या दिसल्या तर बंद करा. आर्मेचरचं, म्हणजे मोटरच्या फिरणाऱ्या भागाचं, वाइंडिंग गेलंय, घरचं काम नाही.

पेडल

पेडल हा या मशीनचा सगळ्यात दुर्लक्षित भाग. जमिनीवर पडून असतो, धूळ खातो, आणि पूर्ण विजेचं व्होल्टेज त्याच्या आत असतं. काहींत कार्बनच्या चकत्यांची चळत असते, दाबाल तसा अडथळा कमी होतो. काहींत तारेची गुंडाळी असते आणि वेग पायऱ्यापायऱ्यांनी बदलतो. हळू शिवताना पेडल कोमट होणं ठरलेलंच, उरलेली शक्ती तिथे उष्णता होऊन जाते. चटका बसणं ठरलेलं नाही.

अनेक पेडलमध्ये रेडिओत खरखर येऊ नये म्हणून एक कपॅसिटर बसवलेला असतो. जुने कपॅसिटर कागदाचे. दमट हवा आत शिरून ते गळायला लागतात. काहींतून एके दिवशी धूर निघतो. काही शॉर्ट होतात, आणि जोडणी तशी असेल तर पाय न लावता मोटर पूर्ण वेगाने सुटते. घरात लहान मूल सुईजवळ बोट ठेवून बसलेलं असेल तर काय होईल, विचार करा. म्हणून शिवून झालं की प्लग काढायचा, स्विच नुसता बंद करून भागवायचं नाही.

घरी करायचं ते इतकंच: त्याच प्रकारचं, त्याच व्होल्टेजचं दुसरं चांगलं पेडल कुणाकडून मिळालं तर लावून बघा. त्याने सुधारलं तर जुनं पेडल दोषी. आतली दुरुस्ती मेकॅनिकला करू द्या.

इथे थांबा, मेकॅनिकला बोलवा

वायरचं रबर बोटाने वाकवल्यावर तडकतंय किंवा भुगा होतोय: मशीन लावूच नका. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या रबरी वेष्टनाची ही ठरलेली गत आहे. बाहेरून चिकटपट्टी गुंडाळून आतली उघडी तांब्याची तार झाकली जात नाही. सगळी वायर बदलावी लागते.

धातूला हात लावल्यावर झिणझिण्या: दोन पिनांचा प्लग उलटा करून झिणझिण्या गेल्या तरी दोष गेलेला नसतो, फक्त लपलेला असतो. इन्सुलेशन मेगरने, म्हणजे जास्त व्होल्टेज देऊन गळती तपासणाऱ्या मीटरने, मोजायला लागतं. साधा मल्टीमीटर बॅटरीच्या दाबावर मोजतो, त्यामुळे तो 'ठीक' म्हणेल तेव्हाही 230 व्होल्टवर गळती असू शकते.

गिअरला चीर: 1960 आणि 70 च्या दशकांतल्या बऱ्याच मशिनांत नायलॉनचे गिअर आहेत. वयाने ते तडकतात आणि मग प्रत्येक फेऱ्यात एकाच जागी अडखळ येते. गिअर बदलणं म्हणजे टाक्याची वेळ पुन्हा जुळवणं. सुई खालच्या टोकावरून साधारण दोन-अडीच मिमी वर येते, त्या क्षणी शटलचं टोक सुईच्या नाकाच्या थोडं वर पोहोचायला हवं, आणि दोघांमधली फट केसाएवढी. हे पहिल्यांदा करताना एखाद्या जाणत्यासमोर बसूनच करा.

मोटरची वाइंडिंग, पॉट मोटरचं (पट्ट्याऐवजी थेट गिअरने जोडलेल्या मोटरचं) गिअर, वाकलेला सुईचा दांडा: तिघांसाठीही तेच. एल्नाच्या जुन्या मशिनांतलं धडधड करणारं रबरी चाकही यातच धरा. मशीन खूप काळ पडून राहिलं की रबर एका जागी चपटं होतं, आणि ते घासून गोल करायला लेथसारखी सोय लागते.

मेकॅनिककडे नेताना पेडल आणि वायर मशीनसोबतच न्या. तो पहिला प्रश्न विचारेल, नॉब सैल केल्यावर मोटर मोकळी फिरते का. ते उत्तर आणि चाक सगळीकडे जड आहे की एकाच जागी, या दोन गोष्टी चिठ्ठीवर लिहून मशीनला चिकटवा. मशीन दुकानात ठेवून तुम्ही निघून गेलात तरी मोटर बदलायचा विषय मग सहसा निघत नाही.